जावेनं मोजलेले दहा

थोरलीच्या पोटात दुखायचं कारण एकच होतं, आणि ते दिवसभर धाकट्या जावेच्या कडेवर बसलेलं असायचं. पणती! थोरलीच्या सख्ख्या नातीची लेक, आठ महिन्यांची. आणि तिला घरभर मिरवायचं कुणी, तर चुलत पणजीनं? थोरलीनं घ्यायचं ते खुर्चीत बसून, दोन्हीकडे उशा लावून. नातीनं साफ सांगितलं होतं, "आजी, वर्षात दोनदा पडलीस. व्यायामाच्या बाई हो म्हणेपर्यंत बाळाला उभ्यानं घ्यायचं नाही."

म्हणून दोघी जावा आठवड्यातून तीनदा तोल सांभाळण्याच्या वर्गाला जायच्या. धाकटी नुसती सोबत म्हणून आलेली. पण तिथंही बाई तिचंच कौतुक करायच्या. थोरलीचा नुसता तिळपापड व्हायचा.

वर्गात जोड्या होत्या. एकीनं खुर्चीमागे एका पायावर उभं राहायचं, दुसरीनं शेजारून मोठ्यानं दहा मोजायचे. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची बंदी होती. मान वळली की तोल गेलाच म्हणून समजा, असं बाई म्हणायच्या.

धाकटीचे आकडे मोजताना थोरलीची जीभ जड व्हायची. "एक... कंबर सरळ ठेव गं... दोन..." मध्येच ती खोकायची, चष्मा पुसायची, सहावर आल्यावर "पाच झाले का गं?" म्हणून मागे यायची. धाकटीचा पाय थरथरायला लागला की हिच्या जिवाला गारवा. धाकटी मात्र ब्र काढायची नाही.

थोरलीची पाळी आली की दहा कसे चुटकीसरशी व्हायचे! "बघ, मला काही वाटत नाही. तूच बाई लटपटतेस," ती ऐटीत म्हणायची. जन्मात एकदा तरी धाकटीपेक्षा सरस ठरल्याचा आनंद तिला पोटभर जेवल्यासारखा पुरायचा.

दोन महिन्यांनी परीक्षा झाली. नात बाळाला घेऊन बाकावर बसली होती. या वेळी घड्याळ खुद्द बाईंच्या हातात. दहा सेकंद टिकलं की बाळ घ्यायची मुभा. धाकटी उभी राहिली ती राहिलीच. चाळीस सेकंदांनी बाईच म्हणाल्या, "पुरे आजी, उतरा आता!"

थोरलीनं हसत खुर्ची सोडली. चार सेकंदांत पुन्हा धरली. दुसऱ्यांदा पाच. तिसऱ्यांदा बाईंनी दंडाला धरलं म्हणून वाचली. "अजून वेळ लागेल," बाई म्हणाल्या. नातीनं बाळ धाकटीकडे दिलं.

थोरलीच्या अंगाची लाही लाही झाली. घरी आल्यावर नात बाळाला निजवायला आत गेली, तशी तिनं धाकटीला स्वयंपाकघरात गाठलं. "त्या बाईचं घड्याळ बिघडलंय! मी रोज दहा करते. तूच मोजतेस ना?"

धाकटीनं मान खाली घातली. "मी भरभर मोजायचे, जाऊबाई. तुमचा चेहरा असा पांढराफटक पडायचा, मला बघवायचं नाही."

थोरली मटकन खुर्चीत बसली. करायला गेलं एक आणि झालं भलतंच! हिनं माया करून माझे पाय कच्चे ठेवले, आणि मी जळून जळून हिचे पक्के केले! रडावं की हसावं तिला कळेना.

"मी मुद्दाम हळू मोजायचे," ती शेवटी म्हणाली. "तुझी फजिती व्हावी म्हणून."

"ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"आणि गप्प बसलीस?"

"पाय सुधारत होते की माझे!"

"लबाड कुठली!" थोरली उठली. खुर्चीच्या मागे जाऊन तिनं एक पाय उचलला. डोळे भरून आले होते, पण आवाज नेहमीसारखाच करडा होता.

"मोज. आणि माया नको करूस बाई, जरा माझ्यावर जळून मोज."