मीराबाईचं कोपर

मुंबईची थंडी म्हणजे पंखा पाचावरून दोनावर आणायचा एवढंच. पण मृणालिनीबाई गिरगावातून निघाल्या त्या स्वेटर, वर शाल आणि कानाला मफलर बांधून. गळ्यात नातीचा, मनवाचा, जुना कॅमेरा. "आजी, मी आता फोनवरच काढते, हा तू घे," असं मनवा म्हणाली, तेव्हा आपल्यातली कलावंत चौऱ्याहत्तराव्या वर्षी जागी झाल्याचं बाईंनी अख्ख्या मजल्याला कळवलं. कलावंत गाढ झोपलेलीच होती. बाईंना हवा होता फक्त एक फोटो, मीराबाईचा.

मीराबाई भोईवाड्यातली. परळच्या ज्या गिरणीत मृणालिनीबाई पगारखात्यात कारकून होत्या, तिथेच ती सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात. एकीच्या डब्यात वरणभात, दुसरीच्या डब्यात बांगड्याचं तिखलं. मधल्या सुट्टीत डबे बदलले जायचे आणि बाई घरी जाण्यापूर्वी बडीशेप चघळायच्या. गिरणी गेली, जागेवर काचेचा टॉवर आला, मैत्री तशीच राहिली. आता मीराबाईची चाळ पाडणार होते. संक्रांत झाली की मुलगा विनीत तिला कायमचा कणकवलीला नेणार होता.

आणि मीराबाई फोटो काढू देत नसे. तिचा नवरा आनंदा, त्याने कसल्याशा अर्जासाठी पासपोर्ट फोटो काढला आणि महिन्याभरात तोच मोठा करून भिंतीवर लावायची वेळ आली. "माझो फोटो नको गो बाई. फोटो काढलो की हार इलोच."

मग बाईंनी कट रचला. आपल्याला पाखरांचे फोटो काढायचा नाद लागलाय असं भासवायचं, मीराबाईला सोबतीला न्यायचं आणि पाखराच्या आडून मीराबाई टिपायची. आपण इतक्या धूर्त आहोत हे त्यांना आजवर माहीतच नव्हतं.

पहिली मोहीम शिवडीची. फ्लेमिंगो दूर चिखलात होते. मीराबाई डोळे बारीक करून म्हणाली, "ही पाखरां? माका वाटला कोणाची साडी वाळत घातली हा." बाईंनी कॅमेरा फ्लेमिंगोंवरून हळूच तिच्याकडे वळवला, श्वास रोखला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हलू नका हं!"

जुनी खोड. रोल महाग होता त्या काळी घरातला एकही फोटो ही आरोळी ठोकल्याशिवाय निघत नसे. मीराबाई खाली वाकली ती चप्पल नीट करायला. फोटोत आलं कोपर.

मग महिनाभर हेच. गिरगाव चौपाटीवर समुद्रपक्षी, "हलू नका हं!", मीराबाईचा अंबाडा. माटुंग्याला पोपट, "हलू नका हं!", मीराबाईचा पदर. दादरच्या फुलबाजारात चिमण्यांचं निमित्त करून बाई मागे मागे सरकल्या आणि थेट झेंडूच्या पाटीत बसल्या. फूलवाला म्हणाला, "आजी, वजन करू की अशाच नेताय?" मीराबाई इतकी हसली की तो फोटो सोन्यासारखा आला असता. पण कॅमेराही पाटीतच होता.

संक्रांतीला बाई तिळगूळ घेऊन भोईवाड्यात गेल्या. खोली रिकामी झाली होती. भिंतीवर एकटा आनंदा उरला होता, चंदनाच्या हारात. विनीत खोकी बांधत होता.

"दाखव तुझी पाखरां," मीराबाई म्हणाली.

बाईंनी निमूटपणे कॅमेरा पुढे केला. मीराबाईने एकेक फोटो पाहिला.

"ह्यां माझा कोपर. ह्यां पण माझा कोपर." मग मान वर न करता, "काय गो बाई, पाखरांका 'हलू नका' म्हणून सांगतस? ती ऐकतत तुझा?"

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिसापासून. पण तुझ्याबरोबर फिराक गावत होता."

बाईंना हसू येईना. "मीरा, आमचे हे गेले, आणि परवा त्यांचा आवाज आठवायला बसले तर आठवेना. इतकी वर्षं ऐकलेला. उद्या तुझा चेहरा गेला तर मी काय करू? कोपर बघत बसू?"

मीराबाईने भिंतीवरच्या आनंदाकडे पाहिलं. मग सरकून खोक्यावर जागा केली.

"तू पण बस."

"मी कशाला?"

"एकट्याच्या फोटोक हार घालतत. दोघींतली एक जित्ती आसा तवसर कोण हार घालतलो? मी गेलंय तर तू आसस, तू गेलंस तर मी आसंय. बस."

बाई बसल्या. विनीतने कॅमेरा धरला, बटण दाबलं.

फोटोत मीराबाई ताठ बसली आहे, थेट समोर बघत, पदर नीट. शेजारी मृणालिनीबाई डोळे मिटून, तोंड उघडं टाकून ओरडताहेत, "हलू नका हं!" विनीत म्हणाला, "मावशी, दुसरा काढू?" मीराबाईने हात आडवा केला. एकच पुरे.

बाईंनी तो फ्रेम करून दिवाणखान्यात लावलाय. आल्यागेल्याला वाटतं, बाई गाताहेत.

दर रविवारी कणकवलीहून फोन येतो.

"काय गो बाई, आसस मां?"

"आहे की."

"मगे हार नाय," म्हणून मीराबाई फोन ठेवते.