दर महिन्याची पिशवी

"मिस्टर टँडी, या पिशवीत पुरुषाचे शर्ट आलेत," डोरीन म्हणाली. "चुकून आले का?"

"चुकून नाही. माझेच आहेत. द्यायलाच आणलेत."

डोरीन सांभाळत असलेल्या धर्मादाय दुकानाच्या मागच्या खोलीत लोकांनी विकायला दिलेल्या जुन्या कपड्यांचा ढीग तिच्या छातीपर्यंत आला होता. तिने निळा शर्ट उलटसुलट करून पाहिला. कॉलर शाबूत होती. "अजून पाच वर्षं जाईल की हा," ती म्हणाली. त्यावर क्लिफर्ड टँडी म्हणाला की, ऑक्टोबर असून आज हवा बरी आहे. डोरीननेही ते मान्य केलं. अवघड बोलणं आलं की आमची इंग्रज माणसं हवेचा आधार घेतात.

क्लिफर्डची बायको एव्हरिल आदल्या नोव्हेंबरात गेली. असलं दुकान त्याच्या गावातही होतं, पण तिथे कपडे दिले की पंधरा दिवसांत पोस्टाच्या रांगेत, पुढे उभ्या असलेल्या बाईच्या अंगावर आपल्या बायकोचा कोट दिसायचा. म्हणून मेलेल्या माणसाचे कपडे सगळेच दुसऱ्या गावाला नेऊन देत. क्लिफर्डने हॅलबरी निवडलं. बसने चाळीस मिनिटं, सेव्हर्न नदीच्या काठाला.

जानेवारीत तो पहिली पिशवी घेऊन गेला, तेव्हा नदी धक्क्यावर चढली होती आणि रस्त्याच्या कडेने पूर अडवायच्या लोखंडी फळ्या लावल्या होत्या. दुकानात पिशवी देऊन तो त्या फळ्यांपाशी उभा राहिला. आता रडू येईल, म्हणून जरा थांबलाही. आलं नाही. मग त्याने सँडविच खाल्लं आणि दोनची बस धरली.

तेव्हापासून महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी एक पिशवी.

"बाबा, गाडीत घालून एका फेरीत उरकलं असतं," लीड्सहून मुलगी फोनवर म्हणे. "मी येते ना शनिवारी."

"कशाला उगीच? चाललंय माझं."

"हे असं थेंब थेंब?"

"तुझ्या आईनंही सगळं काही एका दिवसात विकत घेतलं नव्हतं," तो म्हणाला.

मार्चमध्ये धक्क्यावरचा गाळ खरवडून काढला होता. मे महिन्यात हंसिणीमागे पाच राखाडी पिल्लं होती, जूनमध्ये तीन. जुलैत आइस्क्रीमसाठी पुलापर्यंत रांग, आणि दुकानाच्या काचेत पुतळ्याच्या अंगावर एव्हरिलचा पिवळा झगा. क्लिफर्डने तो पाहिला. चाळीस वर्षं त्याने लोकांच्या घरात जाऊन गॅसचे मीटर वाचले होते, तसाच पाहिला आणि पुढे गेला. शेजारी म्हणत, क्लिफ मोठा धीराचा. धीर कसला, आत काही हलतच नव्हतं, आणि त्याची त्याला लाज वाटे. सत्तेचाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोसाठी माणसाला एकदा तरी रडता यायला हवं, एवढंच त्याला वाटत होतं.

सप्टेंबरात कपाट रिकामं झालं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या गुरुवारी त्याने सवयीने बूट पुसले, बसथांब्यावर गेला, आणि बस दिसताच घरी परतला. हातात काही नसताना कुठे जायचं त्याला जमत नसे. उभ्या जन्मात त्याने कामाशिवाय कुणाचं दार वाजवलं नव्हतं. घरी येऊन त्याने स्वतःचे तीन शर्ट घड्या करून पिशवीत घातले आणि पुढची बस धरली.

नोव्हेंबरात दोन स्वेटर, विजार आणि चांगले बूट. बूट पाहून डोरीनने चहा ठेवला.

"घरी सगळं ठीक ना?"

"ठीक."

"पाणी चढतंय म्हणे पुन्हा."

"चढणारच. वर उगमाकडे, वेल्समध्ये पाऊस आहे."

डोरीनने चहात दूध घातलं, पुन्हा थोडं घातलं. "नाही, म्हणजे… माणसं कधी कधी आवराआवर करतात. स्वतःची. जायच्या आधी."

क्लिफर्डला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला. "छे हो, तसलं काही नाही मनात."

"मग ऐन थंडीत बूट कशाला देता?"

"बसमध्ये चढायला हातात काहीतरी लागतं हो," तो म्हणाला.

डोरीनने कप त्याच्यापुढे सरकवला. मग ढिगाकडे मान हलवली. "इस्त्री येते?"

"एव्हरिल करायची."

"ही वाफेची आहे, माकडालाही येईल. पुढच्या महिन्यात रिकाम्या हाती या. आणि ते बूट परत न्या, माझ्याकडे जागा नाही."

डिसेंबरात तो खरंच रिकामा आला. बसमध्ये हातांचं काय करावं ते त्याला कळेना. लोखंडी फळ्या पुन्हा लागल्या होत्या. डोरीनने त्याला स्टुलावर बसवलं आणि बायकांच्या स्वेटरांचा गठ्ठा पुढ्यात टाकला.

"आधी खिसे बघायचे. मग बाह्या."

"बाह्यांत काय असणार?"

"बघा तर."

तिसरं स्वेटर करडं होतं. डाव्या बाहीत मनगटाशी त्याच्या बोटांना काहीतरी मऊ लागलं. चौकोनी घडीचा कागदी रुमाल, दबून दबून लोकरीला चिकटल्यासारखा.

"आपल्या बायका तिथेच खोचतात," डोरीन म्हणाली. "नाक पुसायचं आणि बाहीत."

क्लिफर्डने ते रोज पाहिलं होतं, सत्तेचाळीस वर्षं. पण पिशव्या भरताना एकाही बाहीत त्याने हात घातला नव्हता. आता त्याच्या आत काहीतरी हललं, खरंखुरं, बसल्या जागी वाकायला लावणारं.

"एव्हरिलच्या बाह्यांतही निघाले होते?"

"प्रत्येक स्वेटरात."

"मग?"

"टाकले. काय करणार?"

"बरोबर आहे," क्लिफर्ड म्हणाला.

डोरीनने केराची बादली पायाने त्याच्याकडे सरकवली आणि पाठ फिरवून हँगर लावत बसली. त्या अनोळखी बाईचा रुमाल क्लिफर्डने गुडघ्यावर सरळ केला, पुन्हा चौकोनी घडी घातली आणि खाली वाकून हळूच बादलीत ठेवला. मग पुढचं स्वेटर घेतलं आणि बाहीत हात घातला.