वाटीतली झोप

सकाळचे अकरा वाजलेले. बाहेर बडोद्याच्या मांजलपूर भागातल्या रस्त्यावर स्कूटरींची वर्दळ, आणि सोसायटीच्या हॉलमध्ये साठ माणसं चटयांवर आडवी. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. कोणी कूस बदलत नव्हतं, कोणी खोकत नव्हतं. तोंडं उघडी, हात जिथे पडले तिथेच. मी दारातच थबकले. झोपलेली माणसं अशी दिसत नाहीत हो!

"बघितलंत ताई?" माझी शेजारीण स्नेहलता कुजबुजली. "अर्ध्या तासात सगळे गाढ. हा चमत्कार नाही तर काय?"

"ते बघू," मी म्हटलं. तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई मी. चमत्कार म्हटलं की माझं डोकं फिरतं.

समोर पाटावर शयनानंद महाराज बसले होते. गुबगुबीत हात, डोळ्यांत काजळ. कुठून आले कोणालाच ठाऊक नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी आले, हॉल भाड्याने घेतला आणि बडोद्यातल्या न झोपणाऱ्या माणसांची इथे रीघ लागली. पाळीवाल्यांसाठी दरबार सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा भरायचा. नवीन माणूस आला की त्यांचं ठरलेलं बोलणं सुरू व्हायचं. "आवो, आवो! रात्री उशाशी कोण बसतं, दिसतं का? नाही ना? मला दिसतं. तुमच्याच घरातलं कोणीतरी गेलेलं. अतृप्त छाया! ती तुमची झोप पिते. एक्केचाळीस दिवस या, एकही खाडा नको. निद्रादेवी तिला ओढून नेईल."

मग मंत्र, मग केशर-वेलचीच्या दुधाची एकेक वाटी. आणि एक कडक नियम. प्रसाद इथेच बसून प्यायचा, थेंबही घरी न्यायचा नाही.

तेव्हाच मला खटकलं. प्रसाद घरी न्यायचा नाही? आपल्यात चिमूटभर साखर मिळाली तरी पदरात बांधून आणतात आणि घरातल्या पाच जणांच्या हातावर ठेवतात. हा कुठला देव बाबा, ज्याला वाटून खाल्लेलं चालत नाही?

आणखी एक गोष्ट दिसली. भिंतीला टेकून प्रतापराव टक्क जागे बसले होते. निजामपुऱ्याहून रोज यायचे बिचारे. मी विचारलं, "तुम्हाला नाही लागली झोप?"

"नाही ना. महाराज म्हणतात श्रद्धा कमी पडते."

"दूध घेतलंत?"

"मला मधुमेह आहे, बाई. गोड कसं चालेल?"

साठ जण गाढ, एकच जागा, आणि तोच दूध न प्यायलेला. मी स्नेहलताला तिथेच म्हटलं, "गोम दुधात आहे."

ती फणकारली. "तुम्हाला काय ताई, तुम्हाला पडल्या पडल्या झोप लागते! आमच्या घरात काय चाललंय ते मला माहीत."

तिचं खोटं नव्हतं. तिचा नवरा अविनाश खानदेशातून येऊन इथल्या एका रसायनांच्या कारखान्यात बॉयलरवर लागला होता. आठवडाभर पहिली पाळी, मग दुसरी, मग रात्रीची. शरीराला दिवस कुठला नि रात्र कुठली तेच कळेनासं झालेलं. त्यात सत्त्याण्णव साल. स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली जुनी माणसं कमी करायची यादी निघणार अशी हूल उठलेली. हा गडी बिछान्यात पडून यादीत आपलं नाव शोधायचा. घरात नवीन केबल आलेली, म्हणून उठून टीव्हीसमोर बसायचा, चहावर चहा प्यायचा आणि पुन्हा तळमळायचा. चार महिने त्याने असे काढले होते.

महाराजांकडे जायला लागल्यापासून तो झोपत होता, हे खरं. पण जागेपणी तो जागा वाटत नव्हता. बोलताना शब्द अडखळायचा. सोसायटीच्या फाटकावर त्याने दोनदा स्कूटर आपटली. मी त्याला गाठलं.

"अविनाश, तुझं काम काय असतं रे बॉयलरवर?"

"काचेच्या नळीत पाण्याची पातळी बघत राहायची, ताई. पाणी खाली गेलं की आग बंद करायची. एवढंच."

"आणि तुझा डोळा लागला तर?"

तो हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. "पाणी संपलं आणि आग चालू राहिली तर बॉयलर फुटतो. शेजारच्या शेडमध्ये चार जण असतात. पण आता झोप पुरी होते ना माझी."

त्या दिवसापासून मलाच झोप येईना.

पंचविसाव्या दिवशी अविनाशने महाराजांना सांगितलं, की एका वाटीने आता पूर्वीसारखी झोप लागत नाही. महाराज म्हणाले, "छाया चिवट आहे. दोन वाट्या घे." त्याने घेतल्या, दीड तास झोपला आणि दोनच्या पाळीला निघून गेला.

स्नेहलता त्याच्याबरोबर बसली होती. तिलाही वाटी मिळाली होती. तिला झोपेची तक्रार नव्हती, पण घरी सासू होत्या, रखमाबाई. सत्तरी ओलांडलेल्या, गुडघेदुखीने रात्रभर कण्हणाऱ्या. स्नेहलताने पदराआड स्टीलच्या डबीत ते दूध ओतून घेतलं. सुनेने प्रसाद एकटीने प्यायचा आणि सासूला द्यायचा नाही, हे तिच्या हातून होणारच नव्हतं.

साडेतीनला ती माझं दार बडवायला लागली. "ताई, सासूबाई उठत नाहीत हो!"

मी धावले. रखमाबाई पलंगावर होत्या. हलवलं, हाका मारल्या, तोंडावर पाणी मारलं. श्वास चालू होता, पण एक आला की दुसऱ्याची वाट बघावी लागत होती. मी रिक्षा बोलावली. निघताना ती डबी मात्र हातात घेतली.

डॉक्टर शलाका माझी जुनी विद्यार्थिनी. तिने आजींना आत घेतलं, नळ्या लावल्या आणि बाहेर येऊन विचारलं, "बाई, यांनी झोपेच्या गोळ्या घेतल्यात का?"

"छे हो! गोळी नाही, काही नाही," स्नेहलता रडत म्हणाली. "फक्त प्रसाद."

मी डबी उघडली. दूध संपलं होतं. तळाशी पांढरा रवाळ गाळ बसला होता. साखर असती तर विरघळली असती. बोटाच्या टोकाने जिभेला लावला आणि थुंकले. कडू जहर! केशर-वेलचीच्या घमघमाटात हे साठ जण रोज झोपेच्या गोळ्यांचा चुरा पीत होते. छाया नाही, देवी नाही, काही नाही.

"आजी वाचतील," शलाका म्हणाली. "वेळेत आणलंत. किती दूध होतं?"

"एक वाटी," स्नेहलता म्हणाली. आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, ह्यांनी दोन घेतल्यात!"

घड्याळात साडेचार. अविनाश बॉयलरवर होता.

दवाखान्यातल्या फोनकडे मी झेपच घेतली. स्नेहलताला कारखान्याचा नंबर पाठ होता, ती सांगत गेली. मी फिरवला. लागत नव्हता. पुन्हा फिरवला. फाटकावरच्या पहारेकऱ्याने उचलला. "साहेब मिटिंगमां छे, बेन. पछी करो."

"साहेब राहू दे बाजूला!" मी मराठी-गुजराती एक करून ओरडले. "बॉयलरवर धाव! तिथला माणूस झोपलाय! आत्ता!"

दवाखान्याचा नंबर मी दोनदा सांगितला, तोच पलीकडे रिसीव्हर आपटल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. आम्ही दोघी त्या मुक्या फोनकडे बघत बसलो. स्नेहलताने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतून रक्त आलं. आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नाही.

वीस मिनिटांनी फोन वाजला. अविनाशचा जोडीदार लक्ष्मण बोलत होता, धापा टाकत. पहारेकऱ्याने हाक मारली तेव्हा तो कँटीनमध्ये होता. धावत गेला तर अविनाश स्टुलावर, मान छातीवर पडलेली. इशाऱ्याची घंटा त्याच्या डोक्यावर घणघणत होती आणि हा हलत नव्हता. नळीत पाण्याचा टिपूस नव्हता. लक्ष्मणने आग बंद केली आणि शेडमधल्या चौघांना बाहेर पिटाळलं. घाबरून त्याने आत गार पाणी सोडलं असतं, तरी बॉयलर फुटलाच असता. भला माणूस, डोकं ठिकाणावर ठेवलं त्याने.

दुसऱ्या दिवशी दरबार भरायच्या वेळी मी, स्नेहलता आणि शलाका, आम्ही तिघी हॉलमध्ये गेलो. वाट्या मांडलेल्या होत्या. स्नेहलता सरळ पाटापर्यंत गेली आणि एक वाटी उचलून महाराजांपुढे धरली. "घ्या. प्या."

"माझं व्रत आहे, बेटी."

"दोन प्या. माझ्या नवऱ्याला दोन दिल्यात ना?"

महाराजांचं काजळ घामाने गालावर उतरलं. लोक उठून उभे राहिले. मला वाटलं आता त्याला धरतील. पण ते आमच्यावर धावून आले. "बाहेर काढा ह्यांना! महाराजांचा अपमान!" कोणीतरी माझा खांदा धरून ढकललं. त्या गोंधळात महाराज मागच्या दाराने पसार झाला. पोलिसांनी नंतर आतली खोली उघडली, तेव्हा खलबत्ता सापडला आणि पोतंभर रिकामी गोळ्यांची पाकिटं.

मला वाटलं, सुटलो. पण खरी भीती तिसऱ्या दिवशी दिसली. बंद हॉलसमोर चाळीस-पन्नास माणसं जमली होती. डोळे लाल, हात थरथरत होते. कोणी दारावर डोकं टेकून उभं होतं. एक बाई माझे पाय धरायला लागली. "बाई, एक वाटी मिळवून द्या हो! त्यात काय होतं ते कळलंय मला. तरी द्या."

त्या गर्दीत अविनाश होता. कारखान्याने चौकशी होईपर्यंत घरी बसवलेला. त्याचेही डोळे लाल होते. तो पायरीवर चढला.

"मीपण दोन रात्री डोळा मिटला नाही," तो म्हणाला. "पण परवा चार माणसं माझ्यामुळे मेली असती. माझी आईसुद्धा. ती झोप नव्हती हो, आपल्याला बेशुद्ध पाडत होते. चला, डॉक्टरबाईंकडे जाऊ."

सगळे नाही आले. अर्धे आले. शलाकाने त्यांना बजावलं, की ही सवय एकदम तोडली तर फिट येऊ शकते, गोळी मोजून हळूहळू उतरवावी लागेल. मग ती अविनाशकडे वळली. "तुझ्या उशाशी भूत नाही, केबल आहे. टीव्ही त्या खोलीतून काढ. पाळीच्या उत्तरार्धात चहा बंद. दिवसा झोपायचं असेल तेव्हा खिडकीला जाड काळं कापड लाव, दाराची घंटा काढून ठेव. जेवण हलकं. उठायची वेळ पाळीप्रमाणे ठरव आणि मोडू नकोस. झोप नाही आली तर घड्याळ बघत लोळू नकोस, उठून मंद उजेडात बस, डोळे जड झाले की परत जा. आणि यादीची काळजी बिछान्यात नेऊ नकोस. संध्याकाळी चालायला जा आणि बायकोशी ती बोलून टाक."

"एवढंच?" एकाने निराश होऊन विचारलं.

"एवढंच. पण महिना लागेल."

महिन्याहून जास्त लागला. पहिल्या आठवड्यात अविनाश दीड तास झोपला, मग अडीच, मग एका रात्री पुन्हा शून्य. स्नेहलता रोज माझ्याकडे येऊन रडायची. शलाकाने लिहून दिलं, लक्ष्मणने साक्ष दिली आणि नोकरी राहिली. दोन महिन्यांनी एका सकाळी स्नेहलता आली ती हसत. "ताई, सलग सहा तास झोपले! मी हाक मारली आणि लगेच उठले."

हाक मारली की माणूस उठतो, ती झोप. एवढं साधं आहे हे. तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत कोणी झोप वाटत असेल, तर हात जोडण्याआधी विचारा, वाटीत काय आहे? घरी नेऊ का? तुम्ही पिता का? जो उत्तर देणार नाही त्याच्या हातचं पिऊ नका, आणि घरच्यांनाही पिऊ देऊ नका. अहो, तीन प्रश्न विचारले म्हणून कुठला देव रागावत नाही.