मागून सलग, पुढून सुटे

नात जन्मल्यापासून तिचे पाय गारच असत. आमच्या हिने लोकरीचे मोजे विणून विणून घरात ढीग लावला, तरी पाय गार ते गारच. मग कळलं की दोष थंडीचा नाही. हृदयातून खाली जाणारी मोठी रक्तवाहिनी एका जागी चिमटल्यासारखी अरुंद होती, जन्मापासूनच. तेवढा तुकडा कापून दोन्ही टोकं जोडायची होती.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी सर्जनबाईंनी आम्हाला समोर बसवून समजावलं. जोडायच्या रीती दोन. एकाच धाग्याने सलग शिवत गेलं तर काम लवकर उरकतं. शिवताना रक्त अडवायला वाहिनीला चिमटा लावलेला असेपर्यंत खालच्या अंगाला रक्त नीट पोचत नाही, म्हणून घाई मोलाची. सुटे टाके घातले, प्रत्येकाची गाठ वेगळी, तर वेळ जातो. पण मूल वाढेल तशी वाहिनीला वाढायला वाव राहतो. बाई मागची बाजू सलग आणि पुढची सुट्या टाक्यांनी शिवणार होत्या.

लेक संमतीच्या कागदावर सही करायला वाकली, तेवढ्यात आमची ही बोलली. सगळा जन्म शिलाईत गेलेला. टाक्याचा विषय निघाल्यावर गप्प राहवतंय होय?

"सलग शिवण एका जागी तुटली की सगळी उसवते बघ."

लेकीने पेनाला टोपण लावलं.

सर्जनबाई चिडल्या नाहीत. हा धागा वेगळा असतो, दोन्ही टोकांना पक्क्या गाठी असतात, असं म्हणाल्या. पण असं कधीच होत नाही, असं काही त्या म्हणाल्या नाहीत आणि लेकीला तेवढंच ऐकू आलं. सगळे टाके सुटेच घाला म्हणाली. मग चिमटा जास्त वेळ राहील, असं बाईंनी सांगितलं. तर म्हणाली, आपण थोडं थांबू. पोरीचं हृदय आताच दमलंय, थांबण्यासारखं नाही, बाई हळूच म्हणाल्या.

सुईसारखं जिभेलाही टोक आहे हिच्या, असं माझ्या तोंडावर आलं होतं. गिळलं.

"आई, तू बाईंच्या जागी असतीस तर कसं शिवलं असतंस?" लेकीने विचारलं.

पोर हिच्या मांडीवर होती, मुठीत तिचं पाऊल.

"मी कापड शिवते गं. कापड वाढत नाही. मला यातलं काही कळत नाही, उगाच तोंड घातलं. सही कर."

लेकीने सही केली, पण आईकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी लेक, जावई आणि आम्ही दोघं ऑपरेशनच्या खोलीच्या बंद दारासमोर बसलो. सांगितलेली वेळ उलटून गेली. ही पिशवीचा बंद बोटाला गुंडाळायची, सोडायची.

"सुटे टाके चालले असतील," मी म्हणालो.

"की सलग उसवलं?"

लेक उठून खिडकीपाशी गेली.

शेवटी सर्जनबाई बाहेर आल्या. जोड नीट बसला होता. एका जागी रक्त झिरपत होतं, तिथे एक जादा टाका घालावा लागला, म्हणून उशीर. आता काही दिवस नजर ठेवायची.

आत आधी लेक आणि जावई जाऊन आले. मग आम्ही दोघं गेलो. पोर नळ्यांच्या गुंत्यात निजली होती. हिने पांघरुणाखाली हात घातला आणि तसाच ठेवला.

"तुम्ही हात लावून बघा," म्हणाली. "माझ्या हाताचा भरवसा नाही."

मी पाऊल धरलं. कोमट होतं. मग दुसरंही धरून बघितलं.