आगीतून काढलेली पाकिटं

मित्रांनो, हसणार नसाल तर सांगतो. मी एक जुना चिमटा आहे. भाकरी उलटणारा, निखारे उचलणारा, साधा लोखंडी चिमटा. पण माझ्या पायांनी असं एक काम केलं आहे, की त्याची नोंद परदेशातल्या कागदांतही गेली.

मोतीराम लोहाराने मोडक्या बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव तोडली आणि तिचा तुकडा तापवून, ठोकून मला घडवलं. ठोके फार बसले, पण माझी तक्रार नाही. त्यांच्यामुळेच मी आजवर वाकलो नाही. देऊळगाव राजाला बालाजीच्या यात्रेत पुष्पाबाईंनी मला दोनदा उघडमीट करून पाहिलं आणि जवळच्याच आपल्या गावी आणलं. बावीस वर्षं मी त्यांच्या चुलीपाशी राबलो. "ह्या चिमट्याची सर दुसऱ्याले नाई," असं त्या शेजारणींना सांगायच्या, तेव्हा मी निखाऱ्यात नसतानाही लाल व्हायचो.

मग घरात गॅस आला आणि माझी रवानगी गोठ्यातल्या खुंटीवर झाली. वर्षाकाठी एखादा विंचू निघाला की माझी आठवण व्हायची, तेवढाच काय तो मान.

गेल्या हिवाळ्यात पुष्पाबाईंची सून छाया हिला घराबाहेरचं पहिलं काम मिळालं. चोरून आणलेली, कर न भरलेली सिगारेट किती खपते, हे मोजायचं काम. कोणी म्हणतं फार खपते, कोणी म्हणतं नगण्य, आणि ज्याला जे सोयीचं ते तो सांगतो. चोर काही पावती फाडत नाही. म्हणून अभ्यास करणाऱ्या मंडळींनी साधी युक्ती धरली होती. ओढणारा माणूस रिकामं पाकीट रस्त्यावर टाकतोच. ठरलेल्या सकाळी, ठरलेल्या रस्त्यावर दिसेल ते प्रत्येक पाकीट उचलायचं. आपल्याकडच्या पाकिटावर रोगाचं ते भयंकर चित्र असतं, चोरून आणलेल्या पाकिटावर बहुधा नसतं. त्याच महिन्यात आणखी पाच देशांतही माणसं अशीच वाकून पाकिटं वेचत होती.

छायाला सहा गावं दिली होती. कामावर मिळालेला प्लॅस्टिकचा चिमटा दुसऱ्याच दिवशी नालीत मोडला. पुष्पाबाई गोठ्यात गेल्या, मला राखेने घासलं आणि सुनेच्या हातात दिलं. "हा घेऊन जाय. हा दगा नाई देनार." मित्रांनो, त्या एका वाक्यासाठी मी अजून बावीस वर्षं राबलो असतो.

पाच गावं झाली. सहावं आमचंच होतं. त्या दिवशी बुलढाण्याहून प्रेरणाताई, म्हणजे छायाच्या कामाच्या प्रमुख, तपासणीला येणार होत्या. आता घरी कोणी मोठं माणूस येणार म्हटलं की आमच्याकडे काय करतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. पुष्पाबाईंनी आदल्या दिवशीच सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. सकाळी छाया पिशवी आणि मला घेऊन बाहेर पडली, तर बसथांब्यापासून पारापर्यंत रस्ता लख्ख झाडलेला. वर सडा, दारोदारी रांगोळ्या. पाकीट नावाला नाही.

छाया मटकन ओट्यावर बसली. "आत्याबाई, हे काय केलं तुमी? आता मी काय मोजू?"

"काऊन? तुह्या मॅडम येऊन राह्यल्या न? गाव घान दिसलं तं लाज कोनाची जाईन?" पुष्पाबाईंना अजून काही उमगलं नव्हतं.

समोरचा पानठेलेवाला गोकुळ मनाने कनवाळू. तो म्हणाला, "वहिनी, माह्या टोपलीत लय रिकामी पाकिटं हायेत. दोन मुठी न्या. कोन पाहून राह्यलं?"

छायाचा हात पिशवीपाशी थबकला. शून्य लिहिलं तर खोटं, टोपलीतली भरली तरी खोटं, आणि खरं सांगितलं तर कदाचित पहिलंच काम सुटणार. तिने पिशवी मिटली आणि म्हणाली, "नको गोकुळभाऊ. तुमच्या टोपलीत तुमी विकलेलीच भेटतील. मले या रस्त्यावरची पाह्यजेत."

तेव्हा कुठे पुष्पाबाईंच्या ध्यानात आलं. त्यांचा चेहरा उतरला. "या रस्त्याचाच कचरा हाये तो," असं म्हणत त्या पाराकडे पळाल्या, मागोमाग छाया. झाडून काढलेल्या ढिगाला कोणीतरी नुकतीच काडी लावली होती. त्यांनी छायाच्या हातून मला ओढून घेतलं. "आन इकडे. आगीतलं काढाची सवय मले हाये."

मित्रांनो, किती वर्षांनी मी पुन्हा आगीत शिरलो! धूर, ठिणग्या आणि पुष्पाबाईंची तीच जुनी पकड. एकेक पाकीट आम्ही ओढून काढत होतो आणि छाया ते पायाने विझवत होती. सत्तावीस निघाली. त्यातल्या दोनांवर चित्र नव्हतं आणि अक्षरं कुठल्या परक्या लिपीतली होती. बाकीची राख झाली.

प्रेरणाताई आल्या तेव्हा छायाने काहीही झाकलं नाही. कागदावर तिने लिहिलं होतं: रस्ता आधीच झाडलेला, ढिगातून काढली सत्तावीस, जळाली किती ते माहीत नाही. प्रेरणाताईंनी तो कागद दोनदा वाचला. "आजचा रस्ता मोजणीत धरता येणार नाही," त्या म्हणाल्या. छायाची मान खाली गेली. "पुढच्या आठवड्यात न सांगता परत करू, आणि तूच करशील. जे ‘माहीत नाही’ असं लिहून देतात, त्यांचेच बाकीचे आकडे मी खरे मानते."

तो आठवडाभर आमच्या गल्लीतला रस्ता कोणी झाडला नाही. पुष्पाबाई झाडू घेऊन दारात पहारा देत होत्या, बायकांना थांबवत होत्या आणि मनातल्या मनात चरफडत होत्या. मग ती मोजणी नीट झाली, आणि आमच्या गावाचा आकडाही त्या पाच देशांच्या आकड्यांशेजारी कागदावर चढला.

आता मी छायाच्या पिशवीत असतो. माझ्या टोकांवर त्या दिवशीचं पाकिटांवरचं वितळलेलं आवरण अजून चिकटलं आहे, आणि ते कोणी खरवडू नये असं मला वाटतं. ज्याने ठोकलं त्याचा, जिने चुलीपाशी नेलं तिचा आणि जिने खोटं उचलायला लावलं नाही तिचा मी ऋणी आहे. मित्रांनो, घरातली जुनी वस्तू फेकण्याआधी एकदा राखेने घासून बघा. आणि कोणी तुमच्या दारी मोजायला आलं, तर जसं आहे तसं दिसू द्या.

आज छायाला नवं गाव मिळालं आहे, तिच्या मावशीचं. निघताना पुष्पाबाईंनी मावशीला फोन लावला आणि एवढंच म्हणाल्या, "बाई, दोन दिवस झाडू नको."