पहिला फवारा हवेत

गाडीचा दरवाजा, अर्धा निळा.

आटून करपलेला चहा.

उशीखाली पंप.

"पहिला फवारा हवेत मारायचा. नोझलचा काही भरवसा नाही." गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला रंगारी हे सांगायचा.

गाड्या रंगवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. स्प्रेची बंदूक उचलली की आधी हवेत एक फवारा; तो बारीक, एकसारखा पडला तरच पत्र्याकडे वळायचं. बायकोच्या दम्याच्या पंपालाही त्याने हाच नियम लावला होता. ती "अहो, पंप" म्हणाली की तो पंप हलवायचा, हवेत एक फवारा सोडायचा, डोळे बारीक करून बघायचा आणि मगच तिच्या तोंडाशी धरायचा.

"निम्मं औषध माश्यांनाच पाजा," ती धापा टाकत म्हणायची. "एकीला तरी दमा आहे का, विचारा."

"तू ओढ. बोलू नको."

ती ओढायची, श्वास धरून ठेवायची. जरा वेळाने छातीतली शिट्टी उतरायची, खांदे खाली यायचे आणि पहिलं वाक्य टोमण्याचंच यायचं. टोमणा ऐकला की तो निर्धास्त कामाला निघायचा.

त्या सकाळी चहा उकळत राहिला. त्याने पंप हलवला, हवेत मारला. फवारा आला. तिने ओढला. पुन्हा ओढला.

"काही... होत नाही हो."

"येतोय की. हा बघ." त्याने पुन्हा हवेत मारून दाखवला. मग पुन्हा तिच्या तोंडात. शेजाऱ्याची गाडी काढेपर्यंत तिचे ओठ काळे पडले होते.

दवाखान्यात सिस्टरने पंप कानाशी धरून हलवला.

"दम्यात श्वासनळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, काका. औषध त्यांना सैल करतं, म्हणून श्वास मोकळा होतो. यातलं औषध संपलेलं दिसतंय."

"फवारा येत होता."

"औषध संपलं तरी गॅस उरतो. त्याचा फवारा येत राहतो."

"बारीक होता," तो म्हणाला. "एकसारखा."

सिस्टरने पंप त्याच्या हातात परत दिला. पडद्यापलीकडे बायकोच्या चेहऱ्यावर चादर ओढून झाली होती.

काही दिवसांनी तो कामावर गेला. पत्रा ठोकणाऱ्या मिस्त्रीने त्याचा अर्धवट राहिलेला दरवाजा तसाच ठेवला होता. रंगाऱ्याने बंदूक उचलली आणि थेट पत्र्यावर धरली. रंग थुंकल्यासारखा उडाला, ठिपक्यांनी बसला, ओघळू लागला.

"अरे, आधी हवेत मारायचास ना," मिस्त्री म्हणाला. मग त्याच्याकडे बघून पॉलिश पेपर आणायला आत गेला.

ओघळ पत्र्याच्या कडेपर्यंत आला, तिथे थोडा जाड झाला आणि थांबला.

लग्न झालं तेव्हा तिला दमा नव्हता; त्याचे रंगाच्या धुळीने भरलेले कपडे ती गाणं म्हणत झटकायची, धुवायची.