ओली की कोरडी

मेंढरं ओली आहेत की कोरडी, हे मालकानं ठरवायचं नसतं. ते ठरवायचं कातरणाऱ्यांनी. रिव्हरिनाच्या पश्चिमेला मेंढरं कातरायच्या कुठल्याही शेडमध्ये जा आणि मालकाला म्हणू दे एकदा की, "बघा की, चांगली कोरडी ठाक आहेत, लागा कामाला." झालं! सगळे कातरणारे यंत्रं बंद करून चहाला बसतील, आणि त्या दिवशी मेंढरं चुलीतून काढल्यासारखी कोरडी असली तरी ती ओलीच ठरतील.

पद्धत अशी, की सकाळी शंका असली तर प्रत्येकानं दोन-दोन मेंढरं कातरून बघायची. मग चिठ्ठीवर एकच शब्द लिहायचा, ओली किंवा कोरडी, आणि चिठ्ठी मुकादमाच्या टोपीत टाकायची. कुणी काय लिहिलं ते विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. ओल्या लोकरीनं माणसाच्या अंगावर गळवं उठतात, सांधे धरतात, म्हणून हा हक्क कातरणाऱ्यांनी फार पूर्वी भांडून मिळवलेला, आणि त्याला ते देवळातल्या वस्तूसारखं जपतात.

क्लेम हॅरिगननं चव्वेचाळीस वर्षांत अशा शेकडो चिठ्ठ्या लिहिल्या होत्या आणि एकही खोटी लिहिली नव्हती. हाताला जे लागलं ते कागदावर. याचा त्याला गर्व होता, आणि का नसावा? म्हाताऱ्याकडं गर्व करण्यासारखं दुसरं होतं काय? कंबर गेलेली, बायको गेलेली, दात निम्मे गेलेले. बोटं मात्र शाबूत होती. मेंढरू मांडीशी धरून पुढच्या पायाखाली दोन बोटं घातली, की रात्रीचं दव आहे का घाम आहे का पाऊस, ते त्याला कळायचं.

क्विल्टींच्या शेडमध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा नोरा सात वर्षांची होती आणि टोपलीतून केक घेऊन शेडमध्ये यायची. आता ती पन्नासची. बाप गेला. नवरा दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी ॲडलेडला भावाकडं म्हणून गेला तो गेलाच. राहिली ही आणि बापानं पैदास करत आणलेली सहाशे चाळीस मेंढरं, सगळ्या माद्या, सगळ्या गाभण. बाकीचा कळप विकला, ही ठेवली. तीन वर्षं ही बाई पहाटे उठून झाडांच्या फांद्या तोडायची आणि या मेंढरांपुढं टाकायची. दोन बोटं तुटली त्यात करवतीनं. लोक म्हणायचे, वेड लागलंय क्विल्टीच्या पोरीला. क्लेमपुढं कुणी असं म्हटलं की तो उठून जायचा.

आणि या वर्षी पाऊस झाला. हिवाळ्यात चांगला झाला, सप्टेंबरात वसंत उजाडला तसं गुडघाभर गवत. सगळ्यांना वाटलं, सुटलो बाबा! पण वसंतातल्या गवताचं एक असतं. आज हिरवं, तीन आठवड्यांत वाळतं, आणि मग त्याचं कुसळ लोकरीत शिरतं, तिथून कातडीत, तिथून डोळ्यांत. वर ऊन तापलं की माश्या बसतात आणि मेंढरू जित्तेपणी किड्यांनी खाल्लं जातं. म्हणून कुसळ व्हायच्या आत कातरणी उरकायची.

कातरणीच्या आदल्या संध्याकाळी नोरा कामगारांच्या खोल्यांपाशी आली. क्लेम पायरीवर बसून कातरायच्या यंत्राची पाती पुसत होता.

"क्लेम, उद्या एकदाची होऊन जाऊ दे रे. आभाळ काही बरं दिसत नाही."

"ते आभाळाला सांग. मला काय सांगतेस?"

"तुलाच सांगते. आभाळ माझं ऐकतंय कधी? ही मेंढरं गेली ना क्लेम, तर मी इथं थांबणार नाही. घराला कुलूपसुद्धा लावायची नाही."

"बडबडू नको. जेवलीस का?"

"तू जेवलास का ते सांग. त्या पोरांनी तुला काही ठेवलं का, का सगळं फस्त केलं?"

अशी ती दोघं बोलायची.

रात्री बारीक पाऊस पडून गेला. फार नाही, पत्र्यावर वाजेल इतपत. सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं, ऊनही पडलं. पण मेंढरं उघड्यावर होती. मुकादम डुगी म्हणाला, "दोन-दोन कातरा, मग चिठ्ठ्या."

आता नियमाचा दुसरा भाग. जास्त चिठ्ठ्या 'ओली' म्हणून निघाल्या, तर टोळी तिथंच खोल्यांत बसून राहते, मेंढरं वाळली की कामाला लागते. मालकाचा नंबर जात नाही. पण मालकानंच स्वतःहून काम थांबवलं, तर टोळी पुढच्या शेडला निघून जाते आणि परत येते ती नाताळ झाल्यावर. तोवर कुसळं आणि किडे.

क्लेमनं पहिलं मेंढरू कातरलं. दुसरं धरलं, पुढच्या पायाखाली बोटं घातली. ओलं. मानेच्या वळ्यांत घातली. तिथंही ओलं, गार. यात शंकेला जागाच नव्हती.

त्यानं मान वर केली तर नोरा फाटकाशी उभी. शेडच्या आत पाऊल नाही, नियम तिला माहीत होता. दोन्ही हातांनी फाटकाची वरची फळी धरलेली, आठ बोटं पांढरी पडलेली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. डोळे नेमके क्लेमवर.

क्लेमनं ते पाहून ताडलं. अरे, ही प्रार्थना करतेय! कोरडी निघू देत म्हणून देवाला आळवतेय!

मग त्यानं हिशेब मांडला, आणि तो अवघड नव्हता. टोळीतले ते दोघे पायपर बंधू काल रात्री ढोसून आलेले, त्यांचे डोळे अजून लाल. ते 'ओली' लिहून दिवसभर झोपणार. वायरेमू आणि टॅमसिन यांना मेंढरागणिक मजुरी, त्यांना पुढच्या शेडची घाई. ते 'कोरडी' लिहिणार. दोन इकडं, दोन तिकडं. उरला क्लेम.

"लिहा रे," डुगी म्हणाला. "आणि एकमेकांच्यात डोकवू नका. ही शाळा नाही."

"शाळेत असताना तू डोकवायचास का, डुगी?" वायरेमूनं विचारलं.

"डोकवून नापास झालो, म्हणून तर तुमच्यासारख्यांचा मुकादम झालो. लिही."

क्लेमनं पेन्सिल घेतली. एवढ्या वर्षांत कुणासाठी खोटं लिहिलं नाही, त्यानं मनाशी म्हटलं, हिच्यासाठी एकदा लिहिलं तर काय आभाळ कोसळणार आहे? आणि त्यानं लिहिलं, 'कोरडी'.

डुगीनं टोपीतनं एकेक काढून वाचलं. "कोरडी. ओली. कोरडी. ओली." शेवटची चिठ्ठी त्यानं उलगडली. "कोरडी. चला, वाजवा यंत्रं!"

क्लेमनं फाटकाकडं पाहिलं. नोरानं एकदम तोंड फिरवलं आणि पाठमोरी घराकडं चालू लागली. खांदे हलत होते. रडत असेल बिचारी आनंदानं, क्लेमला वाटलं, आणि म्हाताऱ्याला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की कंबर दुखायची थांबली. त्या दिवशी त्यानं पोरांच्या बरोबरीनं कातरलं.

दुपारी तीनला शेवटचं मेंढरू खांबांवरच्या शेडच्या उतारावरून खाली गेलं. पांढरी, उघडी, बारीक पायांची सहाशे चाळीस मेंढरं आवारात दाटीवाटीनं उभी होती. नोरा आली. चेहरा राखेसारखा.

"शेडखाली किती मावतील, क्लेम?"

"दीडशे. का?"

"सगळ्यात रोड आहेत ती आत घाल. बाकीची जुन्या झुडपांच्या आडोशाला नेते. वारा फिरतोय."

तेव्हा क्लेमनं नैर्ऋत्येला पाहिलं. तिथं आभाळ जांभळं झालं होतं, खालून पांढरी कड. हवेत एकदम बर्फाच्या पेटीचं दार उघडावं तसा गारवा आला.

टोळी चिखल व्हायच्या आत डांबरी रस्ता गाठायला म्हणून घाईनं निघाली. डुगी ओरडला, "म्हाताऱ्या, येतोस का?" क्लेमनं हातानंच जा म्हणून सांगितलं. त्याची पिकअप होती, तो मागनं जाईल.

पाऊस आला तो आडवा आला. क्लेम आणि नोरानं कुत्र्यांसकट मेंढरं झुडपांकडं वळवायचा जीव तोडून प्रयत्न केला. पण नुकतं कातरलेलं मेंढरू वाऱ्यात तोंड घालत नाही. ते वाऱ्याकडं पाठ करतं आणि चालत सुटतं, कुंपण येईपर्यंत. कुंपणाशी पहिलं थांबतं, त्याच्यावर दुसरं चढतं. क्लेम ओरडला, शिव्या दिल्या, एकेकाला उचलून फिरवलं. ती परत फिरली. नोरानं तर दोन काखांत दोन धरून पन्नास पावलं नेली आणि चिखलात तोंडावर पडली.

सकाळी वारा पडला होता. ऊन होतं, चक्क ऊन, निर्लज्जासारखं. कुंपणाच्या कोपऱ्यात मेंढरांची रास होती, माणसाच्या छातीइतकी उंच. त्यापलीकडं सगळ्या रानभर पांढरे ठिपके. जी जिवंत होती ती आडवी, पाय खोडत. नोरा बंदूक घेऊन एकेकापाशी जात होती आणि क्लेम मागनं पाय धरून ओढत गाडीत घालत होता. शेडखालची दीडशे वाचली असं वाटलं होतं, पण पहाटेपासून त्यांतल्या गाभडायला लागल्या. गारठा पोटापर्यंत गेला होता.

पिकअपमधला रेडिओ चालू राहिला होता. शेतीच्या बातम्या सांगणारी बाई नेहमीच्याच गोड आवाजात सांगत होती: ग्रिफिथकडं गारांनी संत्र्याचा सगळा मोहोर झडला, यंदा फळ निम्म्यावर येईल; लेट्यूसच्या वाफ्यांत पाणी साचलंय, कांद्याला बुरशीचा धोका; आणि पश्चिम भागात ताज्या कातरलेल्या मेंढरांचं काही प्रमाणात नुकसान.

"काही प्रमाणात," नोरा म्हणाली.

तिनं रेडिओ बंद केला नाही. चाकाला टेकून खाली बसली, बंदूक मांडीवर. क्लेमनं थर्मासमधला चहा ओतून तिच्या हातात दिला. तिनं घेतला, पण प्यायली नाही.

"हीच बाई काल सकाळी पावणेसातला बोलली होती," ती म्हणाली. "मेंढपाळांना इशारा. दुपारनंतर थंड वारा, पाऊस, कातरलेल्या मेंढरांना धोका. दर वसंतात सात-आठ वेळा देतात इशारा, एखादा खरा होतो. मला मात्र ऐकल्या ऐकल्या हा खरा वाटला."

क्लेमच्या हातातलं झाकण खाली पडलं.

"मग थांबवायचं होतंस ना काम!"

"थांबवलं असतं तर तुम्ही गेला असता. नाताळपर्यंत कुसळांनी आंधळी झाली असती. म्हणून फाटकाशी येऊन उभी राहिले. म्हटलं, रात्री पाऊस पडलाय, चिठ्ठ्या ओलीच्या निघतील. दोन दिवस तुम्ही खोल्यांत पत्ते खेळाल, हे वादळ जाईल, मग कातराल. तोंडानं बोलायची सोय नाही. नुसती उभी राहून म्हणत होते, ओली, ओली, देवा, ओली." तिनं चहाचा कप जमिनीवर ठेवला. "तुझ्याकडं बघत होते. म्हटलं, क्लेमच्या हाताला कळेल. बाकीचे काय लिहायचे ते लिहोत."

क्लेमनं वाकून पडलेलं झाकण उचललं.

"तीन विरुद्ध दोन," नोरा म्हणाली. "एकानं लिहायचं होतं, फक्त एकानं. त्या टॅमसिनला मी रात्रभर शिव्या घातल्यात. त्या वायरेमूला. आणि तिसरा त्या पायपरांतला कोण होता देव जाणे. त्यांच्या आयुष्याचं वाटोळं होऊ दे म्हणाले. तू सोडून सगळ्यांना म्हणाले."

इथं गप्प राहता आलं असतं. चिठ्ठी कुणाची हे विचारायचं नसतं, सांगायचंही नसतं. नियमच आहे तसा, आणि क्लेमनं तो जन्मभर पाळला होता. पण ती त्या बिचाऱ्या पायपरांना नावं ठेवत होती, आणि त्याच्याकडं अजूनही विश्वासानं बघत होती. ते त्याला सोसवेना.

"पायपर नव्हता," तो म्हणाला. "मी होतो."

नोरानं मान वळवली.

"मी कोरडी लिहिलं, नोरा. तू फाटकाशी उभी होतीस. मला वाटलं, तुला कोरडी हवीयत. परवा म्हणालीस ना, होऊन जाऊ दे म्हणून. तुझ्यासाठी लिहिलं गं."

कुंपणापाशी एक मेंढरू अजून पाय खोडत होतं. त्याचा आवाज ऐकू येत होता. नोरा क्लेमच्या हातांकडं बघत होती, चेहऱ्याकडं नाही.

"तुझ्या हाताला काय लागलं होतं?"

"ओली."

"नक्की?"

"नक्की. काखेत ओली, मानेत ओली. गार होती."

तिनं डोळे मिटले. रागावली असती तर क्लेमला बरं वाटलं असतं. बंदूक उगारली असती तरी चाललं असतं. पण ती हळू आवाजात, लहानपणी केक खाली पडला की बोलायची तशी रडवेली होऊन म्हणाली,

"मग ओली लिहायचं होतंस ना रे, क्लेम."